पंगतीत वगळलेला माणूस

एकदा एका वृद्ध पाळकाने प्रभुभोजनाची भाकर मोडली, ती सगळ्या मंडळीला दिली, आणि आपल्या वाट्याचा तुकडा तोंडापर्यंत नेऊन तो पुन्हा थाळीत ठेवून दिला.

कमी पावसाच्या, पण मोसंबीच्या बागांनी नाव मिळवलेल्या मुलखातले ते एक लहानसे गाव. गावाच्या कडेला दगडी भिंतींचे, कौलारू छपराचे प्रार्थनामंदिर होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे प्रभुभोजन होई. येशू ख्रिस्ताने पकडले जाण्याआधी आपल्या शिष्यांसमवेत जे अखेरचे भोजन घेतले, त्याचे हे स्मरण. भाकरीचा एक तुकडा आणि घोटभर द्राक्षरस, एवढेच त्याचे साहित्य. पण श्रद्धावंताला त्याहून मोठे पक्वान्न नाही. तो तुकडा हाती पडला म्हणजे देवाने आपल्याला आपल्या पंगतीत घेतले, असे तो मानतो.

पाळकांचा एक तरुण शिष्य होता. त्याचे नाव आशेर. वडील वारल्यावर पाळकांनीच त्याला शिकवले होते. शहरात धर्मशिक्षण पुरे करून तो गावी परतला होता आणि पाळकांच्या हाताखाली उमेदवारी करीत होता. वाणी अशी गोड की तो उपदेशाला उभा राहिला म्हणजे रडणारी मुलेसुद्धा गप्प होत. नम्रता आणि क्षमा हे त्याचे आवडते विषय. उपदेश नसेल त्या दिवशी तो मुद्दाम शेवटच्या रांगेत बसे. आणि आपण शेवटच्या रांगेत बसतो हे पहिल्या रांगेला ठाऊक असावे, अशी त्याची एक बारीकशी इच्छाही असे. उपासना संपल्यावर लोक त्याचा हात हातात घेऊन म्हणत, "आज फार छान बोललास, बाळा." तो मान खाली घालून म्हणे, "मी कोण? सगळा त्याचाच महिमा." मग घरी जाताना, कोण कोण काय काय म्हणाले ते मनाशी पुन्हा एकदा आठवी.

वाईट होता तो, असे मुळीच नाही. फक्त त्याच्या मनात एक खोली अशी होती, जिच्यात त्याने देवालाही कधी येऊ दिले नव्हते.

आशेरचे वडील शांतवन आणि धाकटा चुलता बर्णबा यांची एकच विहीर होती. पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांत आधी कुरबुर, मग भांडण, मग अबोला झाला. एका वर्षी नाताळच्या दिवशी शांतवन बायकोमुलाला घेऊन उपासनेला गेले. परत येऊन पाहतात तो बाग आडवी झालेली. बर्णबाने कुऱ्हाड घेऊन एकामागून एक मोसंबीची झाडे तोडली होती. मृग बहाराची हिरवी फळे धुळीत पडली होती. बर्णबा त्याच दिवशी गाव सोडून गेला. शांतवनांनी त्या रानात पुन्हा झाड लावले नाही. संध्याकाळी ते तोडलेल्या खोडांपाशी जाऊन बसत. आणि शाळेतून आलेला आशेर दुरून त्यांची पाठ बघत उभा राही. पुढे काही वर्षांनी शांतवन गेले. आजार वेगळाच होता, पण आशेरने मनाशी ठरवून टाकले होते की, बाप कुऱ्हाडीनेच मेला.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता बर्णबा गावात परतला. परमुलखात साखर कारखान्यावर राबून राबून तो वाळून गेला होता. सोबतीला कोणी नव्हते. आपल्या पडीक रानात त्याने पत्र्याचे खोपटे उभारले आणि तो लोकांच्या शेतात मजुरीला जाऊ लागला.

आणि एका पहिल्या रविवारी तो प्रार्थनामंदिरात आला. दाराजवळ, सतरंजीच्या अगदी काठावर बसला.

भाकरीची थाळी घेऊन फिरण्याचे काम आशेरकडे होते. रांगेने तो एकेकाच्या हातावर तुकडा ठेवत आला. शेवटी बर्णबा. डोळे मिटलेले, ओंजळ पुढे धरलेली. आशेर क्षणभर थांबला. त्याच्या डोळ्यांपुढे धुळीतली हिरवी फळे आली. त्याने थाळी आपल्याकडे ओढून घेतली आणि तो वळला. मागे पाहिले नाही.

पाळकांनी स्वतःचा तुकडा थाळीत परत ठेवला तो याच दिवशी. आशेरने ते पाहिले, पण त्यावर फारसा विचार केला नाही. त्याचे चित्त दुसरीकडेच होते. पाळकबाबा आता आपल्याला बोलावतील, जाब विचारतील, असे त्याला वाटत होते. उत्तरही तयार होते: पश्चात्ताप न करणाऱ्याला प्रभूच्या मेजावर जागा नाही. पण पाळकांनी काहीच विचारले नाही. तेव्हा, मौन म्हणजे संमती, असे समजून आशेर निश्चिंत झाला.

घरी आई सलोमीबाईंनी चुलीपाशी बसून सहज विचारले, "तुझा काका आज लवकर उठून गेला का रं? बाहेर आल्यावर दिसला नाही."

"मला काय ठाऊक?" आशेर म्हणाला.

बर्णबा त्यानंतर मंदिरात दिसला नाही.

पुढच्या महिन्यातही पाळकांनी भाकर मोडली, वाटायला दिली, पण स्वतः घेतली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. नाताळातही नाही. आता मंडळीत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, वयोमानाने गिळताना त्रास होत असेल. कोणी म्हणाले, साखर वाढली असेल. त्यावर एक म्हातारी फणकारली, "एवढ्याशा तुकड्यानं कुणाची साखर वाढते गं?" आणि मग, सगळीकडे होते तसे, आवाज खाली आले. म्हातारपणी बाबांच्या हातून काही घडले तर नाही ना? नाहीतर पाळक असून कोणी प्रभुभोजन का टाळील?

ही कुजबुज आशेरच्या कानी आली. त्याला वाईट वाटले, खरेच वाटले. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी किंचित सुखही होते. ज्याने आपल्याला धरून चालवले, त्याला हात देण्याची पाळी आता आपली, असे ते सुख. एका रविवारी त्याने झाकून ठेवलेल्या पापावर उपदेश केला. पाप झाकले की ते आत कसे कुजत जाते, हे त्याने असे काही रंगवून सांगितले की, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बोलता बोलता त्याची नजर पाळकांकडे गेली. त्यांचे डोळे भरून आले होते. आशेरला हवे ते उत्तर मिळाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऊन कलल्यावर, तो पाळकांच्या घरी गेला. पाळक ओट्यावर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होते.

"बाबा, एक विचारू? राग मानू नका."

"विचार की."

"तुम्ही प्रभुभोजन घेत नाही. लोक बोलतायत. मनावर काही ओझं असेल तर मोकळं करा. मी तुमच्या लेकासारखा आहे. आणि देव क्षमाशील आहे, हे तुम्हीच मला शिकवलंत."

बोलताना आशेरला स्वतःचाच स्वर आवडला. त्यात दया होती, आदर होता, जितका हवा तितकाच ओलावा होता.

पाळकांनी हातातली शेंग सुपात ठेवली. "बरं झालं आलास. ओझं आहे खरं. आणि सांगायचं तर ते तुलाच सांगायला हवं होतं. माझ्याच्यानं होईना."

आशेर जरा पुढे सरकून बसला.

"त्या रविवारी मी तुला थाळी दिली," पाळक म्हणाले. "दारापाशी बर्णबा बसला होता. तू त्याच्यासमोर आलास आणि तसाच वळलास. तू मागं पाहिलं नाहीस, पण मी समोरच उभा होतो. मला सगळं दिसत होतं. तो डोळे मिटून ओंजळ धरून बसूनच होता. शेजारच्यानं गीत सुरू केलं तेव्हा त्यानं डोळे उघडले. ओंजळीत बघितलं. मग तुझ्या पाठीकडं बघितलं. आणि हात हळूच खाली घेतले, जणू धरलेच नव्हते."

आशेरच्या कानशिलांत रक्त चढले. "म्हणजे हे माझ्यावर आहे तर! बाबा, त्यानं आमचं काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. पश्चात्ताप नाही, काही नाही, आणि कुणीही येऊन मेजावर बसावं?"

"तुझ्यावर नाही रे," पाळक म्हणाले. त्यांच्या स्वरात कठोरपणाचा लवलेशही नव्हता. "माझं सांगतोय. मी बघितलं आणि गप्प राहिलो. चार पावलं चालून गेलो असतो, माझ्या हातानं त्याच्या ओंजळीत तुकडा ठेवला असता, तर काय बिघडलं असतं? पण मंडळीसमोर तुझी मान खाली जाईल, असं मनात आलं. तू माझा हाताशी आलेला मुलगा. माझ्यामागं हे मंदिर तूच चालवणार. तुझं नाव जपायचं म्हणून मी जागचा हललो नाही. दुसऱ्या दिवशी भाकर घेऊन त्याच्या खोपटात गेलो. त्यानं घेतली नाही. म्हणाला, 'तुम्ही दयाळू आहात म्हणून आणलीत, बाबा. पण त्या पोराच्या हातून देव बोलला. वरूनच नको म्हटलंय.' मी लाख समजावलं. ऐकेना."

मग त्यांनी सावकाश सांगितले:

"आपल्याकडं पंगतीची रीत काय असते, आशेर? शेवटच्या पानावर वाढून झाल्याशिवाय यजमान घास घेत नाही. प्रभूच्या घरात यजमान प्रभू आहे. तू आणि मी वाढपी. कुणाला बोलवायचं, कुणाला उठवायचं, हे वाढप्यानं ठरवायचं नसतं, कारण वाढप्याचं स्वतःचं पान तरी कुठं त्याच्या लायकीवर मांडलेलं असतं? त्या दिवशी एक पाहुणा उपाशी उठून गेला आणि मी, म्हातारा वाढपी, दुसऱ्या वाढप्याची अब्रू सांभाळत उभा राहिलो. मग तो घास माझ्या घशाखाली कसा उतरावा? तुला शिक्षा म्हणून मी उपाशी राहिलो नाही. मला जेवताच आलं नाही."

काल आपला उपदेश ऐकताना बाबांचे डोळे का भरले होते, हे आशेरच्या ध्यानात आले. झाकलेल्या पापावर तो इतके बोलला होता, आणि मंडळीत तो उपदेश स्वतःला लावून घेणारा माणूस एकच होता.

तरीही तो पुटपुटला, "पण त्यानं पश्चात्ताप केला असता तर..."

"तू विचारलं होतंस त्याला?" पाळक म्हणाले. "जा. आधी आईशी बोल."

सलोमीबाई अंगणात शेळीला पाला घालत होत्या. लेकाचा चेहरा बघून त्यांनी पाला खाली ठेवला. आशेरने काकाबद्दल विचारले आणि त्यांनी काही न लपवता सांगितले.

"गावात आला त्याच दिवशी आला होता. इथं, या अंगणात, मातीत बसला. डोकं वर करेना. म्हणाला, 'वहिनी, दादाच्या पाया पडायला आलो होतो. गाडीतून उतरल्यावर कळलं, दादा राहिला नाही. आता कुणाच्या पाया पडू?'"

"मग? माफ केलंस तू त्याला?"

"लगेच कुठलं? कितीतरी वेळ उन्हात बसू दिला. मीही उभीच होते. बाग दिसत होती मला, तुझा बाप दिसत होता. मग आठवलं, तुझा बाप देवमाणूस होता खरा, पण पाण्यावरून त्यानंही धाकट्याला कमी लागट बोललं नव्हतं. आत गेले, तांब्याभर पाणी आणून दिलं. त्या दिवशी मला तेवढंच जमलं. आणि म्हटलं, पहिल्या रविवारी ये. देवाच्या घरी सगळ्यांबरोबर बस. पुढचं तिथं होईल."

"मला का नाही सांगितलंस, आई?"

सलोमीबाईंनी त्याच्याकडे बघितले. त्या बघण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

"तू क्षमेवर एवढं बोलतोस," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुला वेगळं सांगायची गरज नाही."

आशेर तिथून निघाला तो थेट रानाच्या वाटेला लागला. वाटभर त्याच्या मनात वाक्ये जुळत होती आणि मोडत होती. 'काका, मी तुम्हाला क्षमा करतो.' हे त्याला खोटे वाटले. 'काका, झालं गेलं विसरून जाऊ.' हेही खोटे, कारण काही विसरलेले नव्हते. आयुष्यात प्रथमच तो काय बोलायचे ते ठाऊक नसताना कोणासमोर उभा राहणार होता.

बर्णबा खोपट्याचे पत्रे उतरवत होता. खाली एका चादरीत भांडी आणि कपडे बांधून ठेवले होते.

"कुठं निघालात, काका?"

बर्णबा दचकला. हातातला पत्रा त्याने भिंतीला टेकवला. "कारखान्याकडं. कापसाची वेचणी संपली. म्हटलं, उगीच तुमच्या डोळ्यांपुढं कशाला राहायचं? तू काळजी करू नकोस, लेकरा. उद्या सकाळी जातो."

आशेर खाली बसला. आधी नुसता बसला, मग गुडघ्यांवर आला. वाळलेली ढेकळे त्याच्या गुडघ्यांत रुतली.

"अरे, अरे! उठ आधी," बर्णबा घाबरून म्हणाला. "लाज कुणाला वाटायला हवी? तुझ्या बापाची बाग मारणारा मी. तू काय केलंस? देवानं तुझ्या हातानं मला सांगितलं, एवढंच."

"देवानं काही सांगितलं नाही, काका." आशेर म्हणाला. "वरून नकार आला नव्हता. थाळी माझ्या हातात होती. नकार माझा होता. माझ्या रागाला मी देवाचं नाव दिलं. तुम्ही झाडं तोडलीत. मी तुम्हाला देवापासूनच तोडायला निघालो होतो. मला माफ करा."

वाऱ्याने सुटलेला एक पत्रा खडखडला. इतके दिवस जो निकाल बर्णबाने मुकाट्याने मान्य केला होता, तो निकालच नव्हता, ही गोष्ट त्याच्या आत उतरायला वेळ लागत होता. शेवटी त्याने अगदी दबल्या आवाजात, लहान मूल विचारते तसे विचारले, "मग वरचा काय म्हणतो?"

क्षमेवर तासन्‌तास बोलणाऱ्या आशेरला त्या क्षणी एकही उपदेश आठवला नाही. जे थोड्या वेळापूर्वी ऐकले होते, तेवढेच ओठांवर आले.

"तुमचं पान वाढायचं राहिलंय, काका. तो अजून जेवायला बसलेला नाही."

बर्णबा खाली बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो रडू लागला. तरण्या वयात घर सोडताना जे रडायचे राहून गेले होते, ते सगळे तो रडला. आशेर त्याच्या शेजारी सरकला. काय करावे ते न सुचून त्याने चुलत्याच्या पाठीवर हात ठेवला. ती पाठ हुबेहूब वडिलांच्या पाठीसारखी होती, हे त्याला तेव्हाच समजले.

बऱ्याच वेळाने बर्णबा म्हणाला, "बागेचं अजून दुखतं का रे तुला?"

'नाही' म्हणणे सोपे होते. आशेर म्हणाला, "दुखतं, काका."

"मलाही," बर्णबा म्हणाला.

मग दोघांनी मिळून उतरवलेले पत्रे पुन्हा चढवले.

पुढच्या पहिल्या रविवारी उपदेशाची पाळी आशेरची होती. तो उभा राहिला, पण उपदेश झाला नाही. मंडळीसमोर मी एका माणसाला वगळले होते, म्हणून मंडळीसमोरच सांगतो, असे म्हणून त्याने काय घडले ते चार वाक्यांत सांगितले. मधे अडखळला. पाळकबाबांबद्दल जे कोणी काही बोलले असेल, त्याचे मूळ आपण आहोत, हेही त्याने सांगितले. खाली बसताना त्याने थाळीला हात लावला नाही. आपल्या हातून ते काम गेले, असे तो धरून चालला होता. पाळकांनीच ती उचलून त्याच्या हातात दिली. "क्षमा मिळालेल्याच हातांनी वाढायचं असतं," ते हळूच म्हणाले. "दुसरे हात आणायचे कुठून?"

त्या दिवशी बर्णबा सलोमीबाईंच्या मागेच बसला होता. त्याला भाकर मिळाली. सगळ्यांना मिळाली. सर्वांत शेवटी पाळकांनी आपल्या शिष्यापुढे ओंजळ धरली, तुकडा घेतला आणि खाल्ला.

उपासना संपली. लोक बाहेर पडले. कोणी बर्णबाशी बोलत थांबले, कोणी पाळकांचा हात धरला. आशेर आईला आणि चुलत्याला घेऊन घराकडे निघाला. निम्मी वाट सरल्यावर त्याच्या लक्षात आले की, आज छान बोललास, असे त्याला कोणीच म्हणाले नव्हते. आणि इतका वेळ त्याला त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती.